उन्हाळ्यात दाखवीन

१

कढवलीच्या मोठ्या कुंडाच्या काठावर सईदचाचाच्या चपला सापडल्या, आणि सईदचाचा कुठेच सापडला नाही.

चपला जोडीनं, अगदी नीट ठेवलेल्या होत्या. पलीकडे पाणी, आणि पाणीही साधंसुधं नव्हे. कोलाडहून रोह्याकडे जाताना डोंगराच्या पोटाशी कढवली लागतं. तिथं गरम पाण्याची तीन कुंडं आहेत. खालच्या दोन कुंडांत लोक पाय सोडून बसतात, सांधे शेकतात, फोटो काढतात. वरचं मोठं कुंड म्हणजे उगम. त्यात तांदळाची पुरचुंडी सोडली तर गप्पा संपायच्या आत भात होतो. तळाशी गाळ आहे, आणि गाळाखाली काय आहे ते पाहून परत आलेला माणूस अजून जन्मायचा आहे.

नमिता मोकल धावत आली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. मार्गशीर्षातली थंडी, त्यामुळे वाफ इतकी दाट की चार हातांवरचा माणूस ओळखू येईना. नमिता गावची पोलीस पाटील. काही बरंवाईट घडलं की ठाण्यावर कळवायचं आणि हवालदार येईपर्यंत गर्दी आवरायची, हे तिचं काम. आज मात्र हरवलेला माणूस तिला घरातल्यासारखा होता. सईद सरखोत या कुंडांचा राखणदार, त्याचा बापही राखणदार, आजाही. लहानपणी त्यानं नमिताला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं.

"मगरिबच्या नमाजाआधी, दिवस मावळायच्या आत घरातनं गेला गो," त्याची बायको खतीजा काठापासून लांब, जमिनीवरच बसली होती. "मला वाटलं, कुंडावरच्या खोलीत निजला आसंल. नेहमीच निजतो. सकाळी चहा घेऊन आले तर ह्या चपला."

एवढ्यात खालच्या बांधावरून निकेश आला. नमिताचा धाकटा भाऊ. आठ वर्षं बहारीनला काढून तीन आठवड्यांपूर्वी घरी परतलेला. आकडी लावलेला लांब बांबू घेऊन तो थेट काठावर गेला आणि पाणी ढवळू लागला. त्याच्या बुटांना शेतातला ओला चिखल लागला होता.

"मागं व्हा सगळी! लेकरांना घेऊन मागं व्हा!" नमिता ओरडली. गर्दी मागे सरली. कोमट दगडावर पावलांचा नुसता चपचप आवाज झाला. तो आवाज ऐकून तिनं खाली पाहिलं. तिचे पाय उघडे होते. खतीजाचे उघडे. अख्ख्या गावाचे उघडे.

सहा वर्षांपूर्वी ओल्या चपलेवरून घसरून एक पोर या कुंडात गेली होती. त्या दिवसापासून सईदचाचा कोणालाही कुंपणाच्या आत चप्पल घालून येऊ देत नसे. पाटी लावली नव्हती. पाटी वाचून कोण चप्पल काढतो, असं तो म्हणे. फाटकाबाहेर एक आडवा बांबू होता, येणाऱ्यानं त्याच्याखाली चपला काढायच्या. आता तर रक्तातच मुरलं होतं ते. आज इतक्या घाबऱ्याघुबऱ्या धावत आलेल्या बायकांनीही फाटकापाशी चपला काढल्या होत्या आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

सहा वर्षांत चाचानं स्वतः एकदाही चप्पल आत आणली नव्हती. मग त्याच्या चपला काठापर्यंत आल्या कशा?

२

भीतीचेही प्रकार असतात. माणूस गेला या भीतीत निदान हातपाय गळून बसता येतं. नमिताच्या मनात शिरली ती दुसरी भीती होती. चाचा पाण्यात नसेल, तर तो दुसरीकडे कुठेतरी आहे. कोणीतरी त्याच्या चपला मुद्दाम इथं आणून ठेवल्यात, म्हणजे सगळ्यांनी पाण्यातच बघत बसावं. आणि तो जिवंत असला, तर आपण इथं पाणी ढवळतोय तेवढा वेळ तो तिकडे मरतोय.

हवालदार काळुराम आठ वाजता मोटरसायकलवरून आले. तिनं त्यांना बाजूला घेऊन हे सांगितलं.

"ताई, मरायला निघालेला माणूस चपला कुठं काढायच्या ते बघत बसतो काय?" ते म्हणाले. "त्याचं पोराशी भांडण झालेलं, म्हायती हाय ना? काल दुपारीच. निम्म्या गावानं ऐकलं."

गाव तेच कुजबुजत होतं. एक तर म्हाताऱ्यानं मनाला लावून घेतलं, नाहीतर पोरानं... पुढचं कोणी बोलत नव्हतं.

पोरगा म्हणजे अदनान. रोह्याजवळच्या वरशाला नवीन घर बांधून राहिलेला, रोह्यात कंपनीत शिफ्टला जाणारा. तो फाटकाला टेकून उभा होता. डोळे सुजलेले.

"भांडलास व्हय काल?" नमितानं सरळ विचारलं.

"भांडलो. म्हटलं, अब्बा, पुरे झालं, वरशाला चला, आता गुडघे नाय चालत तुमचे. तर म्हणे, कुंड कोणाच्या जिवावर सोडू?" अदनानचा आवाज चिरकला. "मी काय बोललो म्हायती हाय, नमिताताय? बोललो, मग तिथंच मरा. ताय, मी असं बोललो!"

"आणि त्यानंतर?"

"शिफ्टला गेलो. सेकंड शिफ्ट. रात्री सुटलो तो थेट वरशाला." तो डोळे पुसायला विसरूनच गेला होता. "अब्बा येणारच होते वरशाला. उन्हाळ्यात येतो, बोलले होते. तेवढे चार महिने मला दम निघाला नाय."

नमितानं त्याच्या पायांकडे पाहिलं. उघडेच. चपला बांबूखाली.

कामावर होता की नव्हता ते हवालदार कंपनीत विचारून घेतील. पण जो पोरगा आज बाप मेला असं समजून धावत आला आणि तरीही चप्पल बाहेर काढून आत शिरला, तो काल संध्याकाळी बापाच्या चपला काठावर मांडून ठेवणार नाही. ठेवायच्याच असत्या तर त्यानं बांबूखाली ठेवल्या असत्या. ही चूक करणारा कुणीतरी वेगळा होता.

आतून निकेशची हाक आली, "ताय! आकडीला काहीतरी लागलं!"

३

आकडीला लागलं होतं ते जुनं गोणपाट. खतीजानं ते पाहिलं आणि ती आडवीच झाली. तिला पाणी पाजून नमिता किमयाकडे वळली.

किमया पुण्याची. कुंडांचा परिसर राखीव व्हावा म्हणून गावानं मागणी केली होती, आणि त्या प्रस्तावासाठी इथला इतिहास लिहायला ती सहा महिने येजा करत होती. रोह्यात खोली घेऊन राही, सकाळी पाण्याचं तापमान मोजी आणि दिवसभर चाचाच्या मागे वही घेऊन फिरे. नमिताच्या घरी चहा ठरलेला.

"तू कधी भेटलीस चाचांना शेवटची?"

"परवा. मोठ्या कुंडापाशीच."

"बूट?"

किमयाला प्रश्न कळला नाही. मग ती म्हणाली, "छे, बाहेर! पहिल्याच दिवशी आत घेऊन आले होते, तेव्हा किती ओरडले होते ते माझ्यावर. अजून स्वप्नात येतं."

तिला रीत माहीत होती. म्हणजे चपला ठेवणारी ती नव्हती.

"परवा काय बोलले?"

किमयानं वही उघडली. चाचानं सांगितलेलं ती वाचून दाखवू लागली. पूर्वी खरजेचे, अंगावर फोड आलेले लोक इथं यायचे, पेणचे, धरमतरकडच्या मिठागरांत राबणारे, गाडीगाडीनं. गाववाले त्यांना जवळ करत नसत. मग कोणीतरी बांधापासून ओढ्यापर्यंतची जमीन कुंडाला देऊन टाकली, आजारी माणसांना टेकायला जागा म्हणून. ते सगळं एका दगडावर कोरलेलं आहे, असं चाचांनी तिला परवा प्रथमच सांगितलं होतं.

"जमीन दिली कोणी?" नमितानं विचारलं. बांधापासून ओढ्यापर्यंत कोणाची जमीन आहे ते तिला विचारायची गरज नव्हती. सात-बारावर तिचं आणि निकेशचंच नाव होतं.

"मोकलांनी. तुमच्या पणजोबांनी असावी." किमया ओशाळली. "दगड सापडला तर ती जमीन राखीव क्षेत्रात जाईल. मला तुम्हाला सांगायचंच होतं."

"दगड कुठाय?"

"ते सांगितलं नाही त्यांनी. 'उन्हाळ्यात दाखवीन,' म्हणाले. मी लिहून ठेवलंय, मार्च-एप्रिल. मी म्हटलं, चाचा, इतके महिने थांबायचं? तर हसले आणि म्हणाले, 'थांबायचं कशाला, उद्या पण चालंल.' मला वाटलं, चेष्टा करतायत."

नमितानं ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा म्हटलं.

उन्हाळ्यात दाखवीन, आणि उद्या पण चालेल. मार्गशीर्षात, उद्या, उन्हाळा कुठला? चाचा चेष्टा करत नव्हता. तो ऋतूबद्दल बोललाच नव्हता.

कुंडांच्या वर, ओहोळाच्या कडेनं चढून गेलं की एक छोटा झरा आहे. त्याच्यावर दगडी खोली बांधलेली, आत बसून वाफ घ्यायची. जुनी माणसं त्या झऱ्याला 'उन्हाळं' म्हणत. ऊन पाण्याचं ते उन्हाळं. खोलीचं छप्पर खचलं, लोकांनी जायचं सोडलं, आणि झऱ्याबरोबर शब्दही गेला. आता साठीच्या आतल्या कोणाला विचाराल तर उन्हाळा म्हणजे आंबे आणि घाम, दुसरं काही नाही.

"हे तू कोणाकोणाला सांगितलंस? चाचांचं वाक्य?"

"अदनानना फोनवर. ते म्हणाले, अब्बा बोलले उन्हाळ्यात तर उन्हाळ्यात. आणि परवाच, तुमच्या ओटीवर..." किमया थांबली. "तुम्ही आत चहा करत होतात तेव्हा. निकेशना. त्यांनी मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं."

४

नमितानं किमयाला अदनानला घेऊन वर यायला सांगितलं आणि ती एकटीच ओहोळाच्या वाटेला लागली. दम लागत होता, पण डोकं थांबत नव्हतं.

चाचाचं वाक्य तिघांनी ऐकलं. किमयाला ते कळलं नाही. अदनानलाही नाही. उन्हाळा म्हटलं की तो तर आजही चार महिनेच मोजत होता. उन्हाळं म्हणजे जागा, हे कळणारी जी पाचसात म्हातारी गावात होती, त्यांनी वाक्य ऐकलंच नव्हतं. शिवाय ती मेली तरी चप्पल आत नेणार नाहीत.

शब्द जुना हवा आणि रीत ठाऊक नको. म्हणजे लहानपण इथं गेलेलं आणि गेली सहा वर्षं इथं नसलेलं माणूस.

निकेशला लहानपणी खरूज झाली होती. आजोबा रोज सकाळी दोघांना उन्हाळ्यात घेऊन जात. नमिता नऊ वर्षांची, तो तीन. आई नव्हती. नमितानंच त्याला त्या वाफेत मांडीवर धरून बसवलं होतं. त्या पिढीत तो शब्द माहीत असलेली दोनच माणसं होती, आणि दोघं एकाच ताटात जेवलेली.

पेणच्या कोणा पार्टीला बांधाखालची जमीन द्यायची, तिथं गरम पाण्याचं रिसॉर्ट होईल, हे तो आल्यापासून रोज बोलत होता. आणि आज सकाळी तो बांधावरून आला होता, फाटकातून नव्हे. पायांत बूट होते. अख्ख्या गावात फक्त त्याच्या.

"ताय, वर कुठं चाललीस?"

ती वळली. निकेश मागेच होता. दहा पावलांवर, आकडीचा बांबू हातात घेऊन. वाट एका माणसापुरती, डावीकडे कडा, उजवीकडे ओहोळाची घळ. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता. आपल्याच हातानं भरवलेल्या माणसाची भीती वाटावी याची तिला लाज वाटली, पण भीती काही कमी झाली नाही.

"उन्हाळ्यात," ती म्हणाली.

दुसरा कोणी असता तर बुचकळ्यात पडला असता. निकेशच्या तोंडावरचं रक्तच उतरलं.

"नको जाऊस."

"कुठं ते कळलं ना तुला?"

त्यानं बांबू खाली टाकला. "मी दगड फोडायला गेलेलो, ताय. नुसता दगड. चाचा मागनं आला, माझा हात धरला. मी झटकलं. तो आत पडला. हललाच नाय."

"जिवंत होता?"

"मी बघितलं नाय."

"दार?"

"बंद केलं. दगड लावले. चपला खाली कुंडावर नेऊन ठेवल्या." तो पुढे झाला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. घट्ट. "ताय, ऐक. आता काय उपेग नाय. रात्र गेली. तू खाली चल. कुंडात पडला आसं सगळेच बोलतात. तू एकटी गप बसलीस तर..."

खाली कोणीतरी अदनानच्या नावानं हाक मारत होतं. निकेशची पकड सुटत नव्हती.

५

"सोड," नमिता म्हणाली. "नायतर मला पण आत घाल, त्याच्याबरोबर."

त्यानं हात सोडला. ती पळत सुटली.

खोलीचं दार म्हणजे कमरेएवढं भोक. ते धोंड्यांनी गच्च भरलं होतं, फटीफटींतून वाफ येत होती. "चाचा! सईदचाचा!" तिनं फटीला तोंड लावलं. आतून फक्त पाणी उकळल्याचा आवाज. ती धोंडे ओढू लागली. पहिला हलला, दुसरा हलेना, बोटं भाजली. आत माणूस शिजला असेल, हे तिच्या मनात आलं आणि तिनं ते मोठ्यानं रडून बाहेर टाकलं.

मग तिच्या शेजारी दोन हात आले. निकेशचे. तोही धोंडे काढू लागला. नखं तुटली तरी थांबला नाही. वर पोचलेल्या अदनानला आणि किमयाला दिसलं ते एवढंच, की भाऊबहीण दगड उपसतायत.

भोक मोकळं झालं. वाफ अंगावर आली. अदनान पोटावर सरपटत आत शिरला आणि काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. तेवढ्या वेळात नमितानं किती देव आठवले त्याचा हिशेब नाही.

"अब्बा हायत!" आतून किंकाळी आली. "श्वास हाय! श्वास हाय!"

पाणी बाहेर जायला भिंतीच्या बुडाशी एक मोरी होती. म्हातारा सरकत तिथवर गेला होता आणि मोरीच्या तोंडाशी नाक लावून रात्रभर बाहेरची गार हवा ओढत होता. एक पाय गुडघ्यापर्यंत भाजलेला, डोक्याला खोक, पण जीव शाबूत. राखणदाराला आपली खोली ठाऊक असते.

त्याला बाहेर काढल्यावर किमयाला आत भिंतीतला दगड दिसला. वरचा कोपरा घणानं उडवलेला, खालच्या दोन ओळी शिल्लक. तिनं बोटानं चाचपत वाचलं: कोणा आजाऱ्यास मना करू नये.

अदनाननं निकेशला मिठी मारली. "भावासारखा धावलास रे," तो रडत रडत म्हणाला. निकेशचे हात खालीच लोंबत राहिले. नमितानं मान फिरवली.

६

दुपारी रोह्याच्या दवाखान्यात चाचानं डोळे उघडले. हवालदार काळुराम कागद घेऊन बसले. खतीजा पायाशी, नमिता खिडकीपाशी. अदनान औषधं आणायला गेला होता.

"कोण होता, चाचा? ओळखलंत?"

म्हाताऱ्यानं नमिताकडे पाहिलं.

"अंधार पडलेला," तो म्हणाला. "चेहरा नाय दिसला. कोणी चोरचिलट आसंल. जाऊं द्या."

मगरिबच्या आधी, उजेडातच घरातून निघालेल्या माणसाला, हात धरण्याइतक्या जवळून, चेहरा दिसला नाही. काळुरामना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी लिहायला सुरुवात केली. खतीजा हळूच नमिताजवळ आली. तिला सगळं कळलं होतं, नवऱ्याच्या त्या एका नजरेवरूनच. "तो बोलतो तसंच ऱ्हाऊ दे गो," ती कानात म्हणाली. "अदनानला कळलं तर तो खून करील. आणि तुला दुसरं कोण हाय?"

खरंच कोणी नव्हतं. एक क्षण, अगदी एक क्षण, नमिताला वाटलं की असंच व्हावं. चाचा वाचला. निकेशनं दगड काढले. गाव त्याला शाबासकी देतंय. तिनं फक्त गप्प राहायचं होतं. मग तिला मनगटावरची ती पकड आठवली, आणि 'मी बघितलं नाय' हे वाक्य. ज्यानं बघितलं नाही त्याला तिनंही बघायला लावलं नाही, तर त्याला बघायला कोण लावणार?

"काळुरामदादा, थांबा," ती म्हणाली. "चाचांना दिसला नसंल. मला म्हायती हाय."

"पोरी, गप!" चाचा उठायला बघू लागला.

"नाय चाचा. दार बाहेरून लावलेलं होतं." तिनं सगळं सांगितलं. चपला, ओटीवरचं वाक्य, बूट, वाटेवरचं बोलणं. ती मध्ये थांबली नाही. काळुराम लिहीत गेले. शेवटी त्यांनी पेन वर उचललं.

"संशयिताशी नातं लिहावं लागंल, ताई."

"सख्खा भाऊ. लिहा."

ती बाहेर आली. निकेश बाकावर बसला होता, दोन्ही हातांना पट्ट्या. ती त्याच्या शेजारी बसली.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

तो पळाला नाही. पळेल अशी तिला भीती होती, आणि पळावा अशी आशाही होती, दोन्ही एकदमच. मग त्यानं सकाळपासून पहिल्यांदाच विचारलं, "चाचा जगंल ना गो?"

"जगंल," नमिता म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आवरेना.